इलेक्ट्रॉनांचे अंतरंग उलगडणारे काई सीगबान

सोने पिवळे, तांबे लालसर आणि चांदी पांढरी का दिसते, याचे उत्तर त्या धातूंमधील इलेक्ट्रॉनांच्या रचनेत दडलेले आहे. ही रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने अचूक मोजण्याचे तंत्र विकसित करणारे शास्त्रज्ञ म्हणजे स्वीडनचे काई सीगबान.

सीगबान यांचा जन्म २० एप्रिल १९१८ रोजी स्वीडनमधील लुंड येथे झाला. त्यांचे वडील मान्ने सीगबान यांना क्ष-किरणांच्या वर्णपटावरील संशोधनासाठी १९२४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. काई यांनी १९४४ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि वडिलांच्या विषयाऐवजी अणुकेंद्रातून बाहेर पडणाऱ्या बीटा किरणांच्या अभ्यासाला वाहून घेतले. १९५४ मध्ये ते उप्साला विद्यापीठात प्राध्यापक झाले.

पदार्थावर क्ष-किरण पडले की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर फेकले जातात. क्ष-किरणाच्या ऊर्जेतून बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनाची ऊर्जा वजा केली, की तो अणूशी किती घट्ट बांधलेला होता हे कळते. हे तत्त्व जुनेच होते. मात्र आधीच्या संशोधकांना वर्णपटात केवळ पसरट पट्टे दिसत, कारण बहुतेक इलेक्ट्रॉन बाहेर येताना ऊर्जा गमावून बसतात. बीटा किरणांसाठी घडवलेले सूक्ष्म मापनाचे कौशल्य सीगबान यांना येथे उपयोगी पडले. त्यांच्या उपकरणात पट्ट्याच्या कडेला एक स्पष्ट रेषा दिसली. ऊर्जा न गमावता निसटलेल्या इलेक्ट्रॉनांची ती रेषा होती. हे संशोधन १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यानंतर एक पेच उभा राहिला. १९५८ मध्ये असे आढळले, की शुद्ध तांब्याची रेषा आणि तांब्याच्या ऑक्साइडची रेषा एकाच जागी येत नाही. अणूची नेमकी बंधनऊर्जा ठरवू पाहणाऱ्याला ही अडचणच वाटावी. सीगबान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र तिचा पाठपुरावा केला. १९६४ मध्ये सोडियम थायोसल्फेटमधील गंधकाच्या दोन अणूंच्या दोन वेगळ्या रेषा मिळाल्या. रेषेच्या जागेवरून अणूच्या शेजारी कोण आहे हे ओळखता येते, हे त्यातून सिद्ध झाले. रासायनिक विश्लेषणाच्या या पद्धतीला त्यांनी एस्का हे नाव दिले.

पुढे अनेक प्रयोगशाळांनी याच मार्गाने धातूंचे अंतरंग पाहिले. तांबे व सोने यांच्यात इलेक्ट्रॉनांचा एक दाट पट्टा सर्वोच्च भरलेल्या पातळीच्या सुमारे २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट खाली सुरू होतो. त्यामुळे हे धातू निळसर प्रकाश शोषून घेतात. चांदीत हेच अंतर सुमारे ४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याने ती दृश्य प्रकाश जवळपास सगळाच परतवते. सोन्याची ८४ इलेक्ट्रॉन-व्होल्टची रेषा तर आज अशी उपकरणे जुळवण्यासाठी मापदंड म्हणून वापरली जाते.

१९८१ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा सीगबान यांना मिळाला. उरलेला अर्धा निकोलस ब्लूमबर्गन आणि आर्थर शॉलो यांना विभागून देण्यात आला. पितापुत्र दोघेही नोबेलचे मानकरी ठरल्याचे हे दुर्मिळ उदाहरण होय. २० जुलै २००७ रोजी वयाच्या ८९ व्या वर्षी सीगबान यांचे निधन झाले.

भारतातही या तंत्राने मूळ धरले. इंदूर येथे १९९९ मध्ये सुरू झालेल्या इंडस-१ या सिंक्रोट्रॉनवर अशा अभ्यासाची सोय करण्यात आली. बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन पृष्ठभागाच्या काही नॅनोमीटर थरातूनच येत असल्याने ही पद्धत उद्योगांनाही मोलाची ठरली आहे. भिलाईत तयार होणारा रेल्वेचा रूळ असो वा एखादी संगणक चिप, गंज आणि बिघाड यांची सुरुवात अनेकदा याच पातळ थरात होते. त्या थराची भाषा वाचण्याची सोय सीगबान यांनी करून ठेवली.