संसाराच्या शाळेत

इ. स. १८७३ चा डिसेंबर महिना होता. पुणे शहरात एके दिवशी सायंकाळी एक विवाह झाला. वधू अवघी अकरा वर्षांची होती आणि वर एकतीस वर्षांचे होते. समारंभाला थाटमाट नव्हता; केवळ वैदिक विधी तेवढे झाले. विवाह आटोपल्यावर वर पायीच घरी परतले आणि कोणाशीही न बोलता आपल्या खोलीत जाऊन बसले. नव्या घरात पाऊल टाकणाऱ्या त्या लहानग्या मुलीला या अबोलपणाचा अर्थ कसा कळावा?

ते वर म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होत. त्या वेळी ते पुण्यास न्यायखात्यात अधिकारी होते आणि थोर विद्वान म्हणून त्यांचा लौकिक सर्वत्र पसरला होता. विधवांच्या पुनर्विवाहाचा ते हिरिरीने पुरस्कार करीत. त्यांची पहिली पत्नी त्याच वर्षी निवर्तली होती. आता हे एखाद्या विधवेशी विवाह करतील, अशी भीती त्यांचे वडील गोविंदराव यांना वाटू लागली. त्यांनी घाईघाईने मुलगी पाहिली आणि मुलाने कितीही विनवले तरी आपला हट्ट सोडला नाही. वडिलांचा शब्द मोडणे माधवरावांच्या जिवावर आले. त्यांनी मान तुकवली. परंतु आपण बोललो एक आणि केले दुसरेच, हे शल्य त्यांच्या मनात राहिले. सुधारक मित्रांनीही त्यांना दोष दिला. त्या सायंकाळच्या मौनाचे कारण हे होते.

वधूचे माहेरचे नाव यमुना. २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे या गावी कुर्लेकरांच्या घराण्यात तिचा जन्म झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. त्या काळी मुलींना शाळेत घालण्याची चाल नव्हती. मुलीने लिहिणे-वाचणे अशुभ आहे, अशी लोकांची समजूत होती. यमुनेच्या हाती पाटी कधीच आली नव्हती. आईच्या तोंडून संध्याकाळी ऐकलेल्या पुराणातल्या कथा, एवढीच काय ती तिची विद्या. विवाहानंतर तिचे नाव रमा ठेवण्यात आले.

सासरी निघताना वडिलांनी मुलीला उपदेश केला. मोठ्या कुटुंबात अनेक स्वभावांची माणसे असतात. कोणी काही बोलले तरी उलट उत्तर देऊ नये, सोसावे, आणि घरातली गाऱ्हाणी पतीच्या कानांवर कधीही घालू नयेत, असा त्याचा आशय होता. अकरा वर्षांच्या मुलीच्या पदरात एवढी जड शिदोरी पडली. ती तिने जन्मभर सांभाळली.

विवाहानंतर लवकरच माधवरावांनी पत्नीला जवळ बोलावून लिहिता-वाचता येते का, अशी चौकशी केली. येत नाही असे समजताच त्यांनी पाटी-पेन्सिल घेतली आणि स्वतःच तिला मुळाक्षरे गिरवावयास शिकवू लागले. मनातील शल्याचा राग त्यांनी त्या निष्पाप मुलीवर काढला नाही. विवाह आपल्या इच्छेप्रमाणे झाला नसला, तरी हिचे आयुष्य अंधारात राहू द्यावयाचे नाही, असा जणू त्यांनी निश्चय केला. दिवसा कचेरीचे काम आणि रात्री पत्नीचा अभ्यास असा क्रम सुरू झाला. पुढे शिकवण्यासाठी एक शिक्षिकाही घरी येऊ लागली.

येथूनच रमाबाईंच्या खऱ्या परीक्षेला आरंभ झाला. रानड्यांच्या घरी सासूबाई, नणंद आणि नात्यातील इतर वडीलधाऱ्या स्त्रिया यांचा मोठा मेळा होता. पाणी भरणे, दळण-कांडण, स्वयंपाक, सोवळे-ओवळे, सणवार, व्रतवैकल्ये या साऱ्यांत त्यांचा दिवस जाई. घरच्या सुनेने पुस्तक हाती धरावे, हे त्यांना मुळीच रुचत नसे. पुरुषांनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट करायचीच असते असे नाही. थोडी टाळाटाळ केली म्हणजे पुरुष आपोआप कंटाळतात आणि नाद सोडून देतात, अशी शिकवण त्या रमाबाईंना देत. ती त्यांनी मानली नाही, तेव्हा टोमण्यांचा वर्षाव होऊ लागला. कधी त्यांच्याशी अबोला धरला जाई, तर कधी त्यांना एकटे पाडले जाई.

विचार करा, मुलांनो, त्या वेळी रमाबाईंचे वय तुमच्याएवढेच होते. एका बाजूला पतीची इच्छा होती, दुसऱ्या बाजूला घरातील वडील माणसांची. पुस्तक मिटावे तर पतीचे मन मोडते. पुस्तक उघडावे तर घरात वादळ उठते. माहेर दूर राहिले. गाऱ्हाणे सांगावयाचे नाही, असे वडिलांनी बजावलेले. अशा वेळी कोणीही गांगरून गेले असते. रमाबाईंनाही रडू येई. परंतु अश्रू पुसून त्या पुन्हा कामाला लागत. दिवसा घरातील कामांत कसूर करावयाची नाही आणि रात्री अभ्यास चुकवावयाचा नाही, हा त्यांनी आपल्यापुरता काढलेला मार्ग होता. कोणी काही बोलले तर त्या ऐकून घेत, पण पतीजवळ चहाडी करीत नसत. माधवरावांना घरातील सारे कळत होते. वडील माणसांचा अवमान न करता सहन करावे, पण शिक्षण मात्र सोडू नये, असेच ते पत्नीला समजावीत.

माधवरावांची दृष्टी फार अधू होती. रमाबाईंना नीट वाचता येऊ लागल्यावर त्या रात्री त्यांना वृत्तपत्रे आणि पुस्तके वाचून दाखवू लागल्या. जी विद्या पतीने दिली, तीच आता पतीच्या उपयोगी पडू लागली. पाटीवर गिरवलेल्या अक्षरांनी त्या दोघांच्या संसाराची गाठ पक्की बांधली. वयातील अंतर मोठे होते, विद्येतील अंतर त्याहून मोठे होते. तरी शिकवणे आणि शिकणे यांमुळे ते हळूहळू कमी होत गेले.

इ. स. १८७८ मध्ये माधवरावांची नाशिक येथे बदली झाली. पुण्याच्या मोठ्या घरातून निघून रमाबाईंनी प्रथमच स्वतंत्र बिऱ्हाड मांडले. त्या वेळी त्या सोळा वर्षांच्या होत्या. येथे टोमणे नव्हते, पण आधारही नव्हता. धान्य किती भरावे, गडीमाणसांकडून काम कसे करून घ्यावे, आल्या-गेल्याचे आदरातिथ्य कसे करावे, हे सारे आता त्यांनाच ठरवावयाचे होते. पतीने घरखर्चाचा कारभार त्यांच्या हाती सोपवला आणि रोजचा जमाखर्च लिहून ठेवण्याची सवय लावली. हिशेबाचा मेळ बसेना म्हणजे त्या रडकुंडीस येत. परंतु चुकत-चुकतच हिशेब जमू लागला. पुण्याच्या घरी ज्या कामांचा भार वाटत असे, ती कामे येत असल्यामुळेच आपण हे घर चालवू शकलो, हे त्यांच्या ध्यानी आले असेल.

नाशिकला त्या वेळी लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख हे न्यायाधीश होते. त्यांच्या घरातील स्त्रियांशी रमाबाईंचा स्नेह जडला. हळदीकुंकवाच्या निमित्ताने गावातील स्त्रियांना एकत्र आणावे, त्यांच्याशी मुलींच्या शिक्षणाविषयी बोलावे, असा उपक्रम तेथे सुरू झाला. जुनी रीत मोडून टाकण्याऐवजी तिच्यातच नव्या विचाराचे बीज पेरण्याची ही हातोटी रमाबाईंनी पुढेही सोडली नाही. मुलींच्या शाळेतील बक्षीससमारंभात त्यांनी आभाराचे चार शब्दही बोलून दाखवले. चौघांत मान वर करून बोलण्याची सवय नसलेल्या स्त्रीला ते चार शब्द डोंगराएवढे वाटले असतील!

पुढल्याच वर्षी, इ. स. १८७९ मध्ये, माधवरावांना धुळ्यास पाठवण्यात आले. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडामुळे सरकार तेव्हा पुण्याच्या विद्वान मंडळींकडे संशयाने पाहत होते. माधवरावांची पत्रे फोडून वाचली जात. अशा काळजीच्या दिवसांतही घरातील अभ्यास थांबला नाही. पतीच्या मार्गदर्शनाखाली रमाबाईंचे इंग्रजी पुढे जात राहिले.

काही काळाने बिऱ्हाड पुन्हा पुण्यास आले आणि जुना संघर्ष नव्याने उभा राहिला. इ. स. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि त्यांनी स्त्रियांसाठी आर्य महिला समाज स्थापन केला. रमाबाई रानडे त्या सभांना जाऊ लागल्या. इंग्रजी शिकवण्यासाठी एक युरोपियन बाईही त्यांच्याकडे येऊ लागल्या. घरातील वडील मंडळींना हे सारे भ्रष्टाचाराप्रमाणे वाटे. त्याच सुमारास पुण्यात मुलींसाठी हायस्कूल काढण्याची खटपट चालली होती. ही शाळा १८८४ मध्ये सुरू झाली. हुजूरपागा या नावाने ती पुढे प्रसिद्धीस आली. तिच्यासाठी भरलेल्या सभेत, मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर रमाबाईंनी इंग्रजीत लिहिलेला मजकूर वाचून दाखवला.

सभेत टाळ्या पडल्या. घरी मात्र शब्दांचे आसूड वाट पाहत होते. पुरुषांच्या सभेत बसून इंग्रजी वाचणाऱ्या सुनेची त्या दिवशी मनसोक्त निर्भर्त्सना झाली. रमाबाईंनी नेहमीप्रमाणे खाली मान घालून ते सारे ऐकून घेतले. त्यांनी उत्तर दिले नाही. पण दुसऱ्या दिवशी पुस्तकही मिटून ठेवले नाही. सहन करणे आणि हार मानणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्यांच्या वर्तनाने सिद्ध केले.

या संसारात केवळ कसोटीचेच प्रसंग होते असे नाही, आनंदाचेही होते. इ. स. १८८६ मध्ये सरकारी समितीच्या कामासाठी माधवरावांना कलकत्त्यास राहावे लागले. रमाबाई बरोबर होत्या. ज्या प्रांतात राहावयाचे, त्याची भाषा येऊ नये याची माधवरावांना लाज वाटली. त्यांनी बंगाली पुस्तके आणली आणि दाढी करावयास येणाऱ्या न्हाव्याला अडलेले शब्द विचारण्यास आरंभ केला. एवढा मोठा न्यायाधीश आणि त्याचा गुरू न्हावी, हे पाहून रमाबाईंना हसू आवरेना. ज्ञान जेथून मिळेल तेथून घ्यावे, दत्तात्रेयांनी चोवीस गुरू केलेच होते, असे सांगून पतीने त्यांचे समाधान केले. मग पतीपाठोपाठ पत्नीही बंगाली शिकली आणि थोड्याच अवधीत वाचू लागली.

इ. स. १८९३ मध्ये माधवराव मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचा मृत्यू झाला आणि सत्तावीस वर्षांचा संसार संपला. रमाबाईंना मूलबाळ नव्हते. काही काळ त्या शोकाने घराबाहेर पडल्या नाहीत. परंतु जिने सासरच्या टोमण्यांत पुस्तक मिटले नाही, ती वैधव्याच्या दुःखात तरी किती काळ दार लावून बसणार? त्यांनी आपल्या पुढील आयुष्याचा मार्ग शोधला. इ. स. १९०४ मध्ये मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषवले. १९०८ मध्ये मुंबईस आणि १९०९ मध्ये पुण्यास सेवासदन या संस्थेचे कार्य सुरू झाले. पुण्याचे सेवासदन हे तर त्यांचे दुसरे घरच झाले.

सेवासदनात विधवा, परित्यक्ता आणि गरीब घरच्या स्त्रिया येत. लिहिणे-वाचणे, शिवणकाम, अध्यापन, रुग्णसेवा असे शिक्षण त्यांना मिळे आणि त्या स्वतःच्या पायांवर उभ्या राहत. घाबरत-घाबरत उंबरठ्यात उभ्या राहिलेल्या एखाद्या अशिक्षित मुलीला पाहून रमाबाईंना आपले जुने दिवस आठवत नसतील काय? घर चालवताना लागणारी काटकसर, शिस्त आणि अनेक स्वभावांच्या माणसांना सांभाळून घेण्याची कला हीच आता संस्था चालवताना त्यांच्या कामी आली. जो संसार एका कुटुंबापुरता होता, तो आता शेकडो स्त्रियांचा झाला.

इ. स. १९१० मध्ये रमाबाईंनी आपल्या वैवाहिक जीवनाच्या आठवणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. मराठीतील स्त्रियांच्या आत्मचरित्रांत त्या ग्रंथाला मानाचे स्थान आहे. ज्यांनी त्यांना छळले, त्यांच्याविषयीही त्यांनी त्यात द्वेष धरलेला दिसत नाही. मुलींना सक्तीचे प्राथमिक शिक्षण मिळावे आणि स्त्रियांना मताचा अधिकार मिळावा, यांसाठी त्या अखेरपर्यंत झटल्या. इ. स. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले. १९६२ मध्ये, त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली त्या वेळी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले.

अकराव्या वर्षी मुलीचा विवाह करण्याची ती चाल आता कायद्याने बंद झाली आहे आणि ते योग्यच झाले. एका कोवळ्या जिवाला किती सोसावे लागे, हे रमाबाईंच्या चरित्रावरून कळते. परंतु सोसलेल्या दुःखाचे त्यांनी कडवटपणात रूपांतर होऊ दिले नाही. आपल्याला जे कष्टाने मिळाले, ते इतर मुलींना सुखाने मिळावे म्हणून त्या झिजल्या. आज मुली निर्भयपणे पुस्तक उघडतात, त्यामागे रात्रीच्या दिव्याजवळ पाटीवर अक्षरे गिरवणाऱ्या त्या लहानग्या नवरीची मूक तपश्चर्याही आहे.