स्वच्छ पाण्यातला न दिसणारा हिशेब

हौसेने फिशटँक आणायचा, गोल्डफिश सोडायचे आणि आठ-दहा दिवसांत ते वर येऊन तोंड उघडू लागले की घाबरून जायचं, हे अनेक घरांत घडतं. पाणी तर नितळ दिसतं! मग गडबड कुठे होते? याचं उत्तर मिळायला इंग्लंडमधल्या बाप-लेकाच्या दोन पिढ्या लागल्या.

रॉबर्ट वॉरिंग्टन यांचा जन्म १८०७चा, शीअरनेसचा. एका केमिस्टच्या हाताखाली उमेदवारी करत ते रसायनशास्त्र शिकले, मग बिअरच्या कारखान्यात नोकरीला लागले. १८४१मध्ये लंडनची केमिकल सोसायटी उभी राहिली, ती त्यांच्याच खटपटीमुळे. पुढची दहा वर्षं ते तिचे सचिव होते.

१८४९मध्ये त्यांनी काचेच्या मोठ्या भांड्यात वाळू, चिखल, दगड टाकले, व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती लावली आणि दोन छोटे गोल्डफिश सोडले. मासे सोडतात तो कार्बन डायऑक्साइड वनस्पतीने घ्यायचा आणि उजेडात ऑक्सिजन परत द्यायचा, असा हिशेब होता. पण जुनी पानं कुजली, पाणी गढूळ झालं आणि मासे धोक्यात आले. पाणी बदलणं सोपं होतं, पण मग प्रयोगच फसला असता. वॉरिंग्टन यांनी तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली, पाणी निवळलं. शिवाय गोगलगायींची अंडी माशांना खाऊ झाली! १८५०मध्ये त्यांनी हा प्रयोग सोसायटीपुढे मांडला आणि काही वर्षांतच इंग्लंडला मत्स्यालयांचं वेड लागलं.

तरी हिशेबातली एक नोंद राहिलीच होती. माशांनी सोडलेल्या अमोनियाचं काय होतं? १८६७मध्ये वॉरिंग्टन वारले. त्यांचा मुलगा, त्याचंही नाव रॉबर्टच, रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात मातीचा अभ्यास करत होता. अमोनियाचं आधी नायट्राइट होतं आणि मग नायट्रेट, ही दोन कामं वेगवेगळे सूक्ष्मजीव करतात, हे त्याने दाखवलं. हे जिवाणू वेगळे करायला मात्र त्याला जमलं नाही. ते १८९०च्या सुमारास विनोग्राडस्की यांनी केलं.

तुमच्या टँकच्या फिल्टरमध्येही असेच जिवाणू राबतात. अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही माशांना विषारी. थोडं नायट्रेट चालतं, वनस्पती ते खातात. नव्या टँकमध्ये हे जिवाणू पुरेसे वाढायला बहुधा चार-सहा आठवडे जातात. म्हणून सुरुवातीला मासे मोजकेच ठेवा, खाणं कमी टाका. सगळं पाणी एकदम न बदलता थोडं थोडं बदला, तेही क्लोरीन काढूनच. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. टँकमधून काढलेल्या पाण्यात खळबळा, म्हणजे जिवाणू टिकतील आणि मासेही.