डॉ. आनंदीबाई जोशी : परमुलखातील साधना

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या अमेरिकावारीची पूर्वतयारी दूरच्या बंगालमध्ये झाली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाईंचा विवाह वयाच्या नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. पुढे झालेला पुत्र दहा दिवसांतच दगावला आणि वैद्यकशिक्षणाचा निश्चय त्यांच्या मनात रुजला.

१८८१ मध्ये गोपाळरावांची बदली झाली व हे दांपत्य कलकत्त्यास गेले. परका मुलूख, परकी भाषा आणि न मानवणारी हवा! पती-पत्नी बरोबर फिरावयास निघाली की लोक उपहास करीत. गोपाळरावांचा स्वभावही कठोर होता; तरी अभ्यास खंडित झाला नाही. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या महाविद्यालयातील सभेत आनंदीबाईंनी परदेशगमनाचा हेतू निर्भयपणे मांडला आणि एप्रिलमध्ये पतीविना त्या अमेरिकेस निघाल्या.

तेथे शाकाहार व स्वधर्म सांभाळून त्यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे वैद्यकाची पदवी संपादन केली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, अवघ्या एकविसाव्या वर्षी, पुण्यात त्यांचे देहावसान झाले. आचार न सोडता ज्ञान मिळविण्याचा त्यांचा आदर्श शिक्षणासाठी दूरदेशी जाणाऱ्या आपल्या कन्यांना व त्यांच्या पालकांना सदैव मार्गदर्शक ठरो.