क्रांतिज्योती सावित्रीबाई आणि प्लेगचा दवाखाना

सावित्रीबाई म्हटलं की भिडे वाड्यातली शाळा आणि अंगावर फेकलेलं शेण, एवढंच आपल्या डोळ्यासमोर येतं. ३ जानेवारीला आपली लेकरं भाषणं करतात, तीही तिथेच थांबतात. ती शाळा १८४८ ची. सावित्रीबाई तेव्हा जेमतेम सतरा वर्षांच्या होत्या. पण या माऊलीला मरण कशाने आलं, असं विचारलं तर पुष्कळ घरांत उत्तर मिळत नाही. म्हणून या स्मरणिकेत आम्ही त्यांच्या अखेरच्या कामाविषयी लिहीत आहोत.

सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची ही मुलगी. जन्म १८३१ चा. १८४० साली लग्न होऊन पुण्याला जोतीरावांच्या घरी आली. पुढचं आपल्याला ठाऊक आहे. शाळा काढल्या, फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणं स्वतःच्या घरात केली, १८६८ साली घरचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला. १८७६-७७ च्या दुष्काळात जुन्नरकडे गावोगाव फिरून उपाशी माणसांच्या तोंडी घास घातला. सावकारांनी कागाळ्या केल्या म्हणून सत्यशोधकांना अटक झाली, तेव्हा बाई स्वतः कलेक्टरपुढे उभ्या राहिल्या. माणसं सुटली आणि वर चार गाड्या ज्वारीही कबूल करून घेतली. संकट आलं की घरात बसायचं नाही, ही त्यांची जुनीच रीत.

काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा फुले दांपत्याने १८७४ साली दत्तक घेतला. तोच यशवंत. त्याला डॉक्टर केलं. १८८९ साली हडपसरच्या ज्ञानोबा ससाणे यांच्या मुलीशी त्याचं सत्यशोधक पद्धतीने लग्न लावलं. पुढच्याच वर्षी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं हातात धरून बाई पुढे चालल्या. एका बाईने असं करणं ही तेव्हा केवढी गोष्ट!

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सापडला. जांघेत नाहीतर काखेत गाठ यायची, ताप चढायचा, आणि चार-सहा दिवसांत माणूस खलास. माणसं गावाकडे पळाली, त्यांच्यामागे रोगही गेला. पुणं सापडलं. उंदरावरच्या पिसवांमुळे हा रोग पसरतो, ही गोष्ट १८९८ मध्ये एका फ्रेंच डॉक्टरने दाखवली. म्हणजे १८९७ साली कुणाला धड काही कळत नव्हतं. हाफकिनची लस नुकती कुठे मुंबईत तयार होत होती, आणि गाठ आल्यावर उतार पडेल असं औषध तर नव्हतंच.

मग दवाखान्यात करायचं काय? आम्हाला वाटतं, खरी गोष्ट इथेच आहे. रोग्याला दाट वस्तीतून उचलून मोकळ्या हवेत ठेवायचं, पाणी पाजायचं, घाण काढायची, त्याच्याजवळ बसायचं. प्लेगच्या भीतीने सख्खा भाऊ भावाला शिवत नव्हता. मग ज्यांना निरोगी असतानाही कुणी शिवत नव्हतं, त्या गावकुसाबाहेरच्या माणसांकडे कोण जाणार? यशवंतराव लष्करात डॉक्टर होते. सावित्रीबाईंनी त्यांना बोलावून घेतलं आणि हडपसरला सासरच्यांच्या ससाणे मळ्यात, शहराबाहेर, फुकट दवाखाना सुरू झाला. लेक औषधपाणी बघायचा आणि आई रोगी शोधून आणायची. वय वर्षं सहासष्ट!

तिकडे मुंबईत आमच्या गिरणी कामगारांचे पहिले पुढारी, रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे हेही प्लेगच्या रोग्यांत राबत होते. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच ते गेले. सत्यशोधक समाजाचा मोठा आधार गेला. तरी हडपसरचं काम थांबलं नाही.

मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाडांच्या एका मुलाला गाठ आल्याचं बाईंना कळलं. आज मुंढवा ते हडपसर रिक्षाने पटकन होतं. तेव्हा गाडी कुठली, आणि असती तरी प्लेग झालेलं महाराचं पोर आपल्या गाडीत कोण घेणार! बाईंनी पोराला पाठीवर घेतलं आणि चालत दवाखाना गाठला. पोराचा ताप, घाम, श्वास सगळं त्यांच्या अंगाला लागत होतं. हे त्यांना समजत नव्हतं असं नाही. रोज माणसं मरताना त्या बघत होत्या.

त्यांनाही प्लेग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. त्याच महिन्यात रँडसाहेबाचे गोरे शिपाई झडतीसाठी पुण्याच्या घराघरांत शिरले. त्या धामधुमीची आणि पुढे रँडवर झाडलेल्या गोळीची हकिकत शाळेच्या पुस्तकात असते. ससाणे मळ्यासाठी तिथे ओळभर जागा मिळाली तरी नशीब.

डॉ. यशवंतराव पुढेही प्लेगच्या रोग्यांची सेवा करत राहिले. १९०५ साली अहमदनगरला त्याच रोगाने त्यांनाही नेलं.