दादासाहेब मावळणकर : ६३ विरोधकांचेही अध्यक्ष

नागरिकशास्त्राच्या तासाला आम्ही विचारतो, पंतप्रधान मोठे की लोकसभा? बहुतेक मुलं पंतप्रधानांचं नाव घेतात. खरं तर लोकसभेचा विश्वास असेपर्यंतच पंतप्रधान आणि त्यांचं मंत्रिमंडळ खुर्चीवर राहतं. ही गोष्ट देशाच्या कारभारात रुजवणाऱ्यांत एक मराठी माणूस होता, गणेश वासुदेव ऊर्फ दादासाहेब मावळणकर.

घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातलं. जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्यात झाला. मुंबईत कायदा शिकून त्यांनी अहमदाबादेत वकिली केली. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगला, अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्षही झाले. १९३७ साली ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले.

१९४६ मध्ये दिल्लीच्या केंद्रीय विधानसभेच्या अध्यक्षपदाची निवडणूक ते ६६ विरुद्ध ६३ मतांनी जिंकले. म्हणजे फरक फक्त ३ मतांचा! विरोधात मतं देणाऱ्यांत मुस्लिम लीगचे सदस्यही होते. पण अध्यक्ष एकदा खुर्चीत बसला की तो त्या ६३ जणांचाही असतो. बोलायची संधी सगळ्यांना द्यायची, हाच त्याचा इन्साफ.

१५ मे १९५२ रोजी ते पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष झाले. सभागृहाची शिस्त आणि समित्यांची घडी त्यांनी बसवली. प्रश्नोत्तराच्या तासाला मंत्र्यांनी उत्तर द्यायचं, ही प्रथा पक्की केली. अधिवेशन नसताना सरकार वटहुकूम काढू शकतं, पण तो नंतर संसदेपुढे ठेवावाच लागतो. ऊठसूट वटहुकूम काढणं त्यांना मान्य नव्हतं. स्वतः काँग्रेसचे असूनही त्यांनी नेहरूंना तसं लिहून कळवलं.

डिसेंबर १९५४ मध्ये खुद्द त्यांनाच पदावरून दूर करण्याचा ठराव विरोधकांनी आणला. ठराव फेटाळला गेला, पण त्यावर लोकसभेत रीतसर चर्चा झाली. अध्यक्षसुद्धा सभागृहाला जबाबदार असतो, हे देशाने तेव्हा पाहिलं. २७ फेब्रुवारी १९५६ रोजी, पदावर असतानाच, त्यांचं निधन झालं.

आपलं वाशिंद भिवंडी लोकसभा मतदारसंघात येतं. आपण निवडलेला खासदार कधी सत्ताधारी बाकावर बसेल, कधी विरोधी. तो विरोधी बाकावर असतानाही लोकलचा, पाण्याचा, शाळेचा आपला सवाल मंत्र्यापर्यंत पोहोचला पाहिजे. त्यासाठी अध्यक्षाच्या खुर्चीत सगळ्यांचं ऐकणारा माणूस लागतो. म्हणून पोरांना पंतप्रधानांच्या नावांबरोबर हे नावही पाठ करायला सांगा.