शेवरोलेने ज्याची छोटी गाडी गुंडाळली, त्याच माणसाचं नाव आज गॅरेजमध्ये रोज घेतलं जातं

गाडी खड्ड्यात आपटली. पुढून खडखड आवाज यायला लागला. तुम्ही गाडी गॅरेजला नेलीत. मेकॅनिकने जॅक लावला, चाक दोन्ही हातांनी हलवून बघितलं आणि निकाल दिला, पुढचे शॉकअप गेलेत.

आता हाच पार्ट ऑनलाइन शोधा किंवा गाडीचं माहितीपत्रक उघडा. फ्रंट सस्पेन्शनच्या पुढे एक नाव दिसेल, मॅकफर्सन स्ट्रट.

अनेकांना वाटतं ही एखादी कंपनी असेल. पण मॅकफर्सन हे एका माणसाचं आडनाव आहे. अर्ल मॅकफर्सन नावाचा हा अमेरिकन इंजिनिअर होता. मोठ्या गाड्यांच्या देशात त्याने छोटी गाडी बनवायचं मनावर घेतलं होतं. ती गाडी कधीच विकली गेली नाही, पण तिच्यासाठी शोधलेलं सस्पेन्शन जगभर पोहोचलं.

त्याचीच ही गोष्ट.

अर्ल मॅकफर्सनचा जन्म १८९१ चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला. इलिनॉय विद्यापीठातून १९१५ मध्ये तो इंजिनिअर झाला आणि डेट्रॉइटला गेला. तेव्हा डेट्रॉइट म्हणजे मोटारींची पंढरी. पहिली नोकरी चाल्मर्स मोटर कंपनीत मिळाली. मग पहिलं महायुद्ध आलं. लष्कराने त्याला युरोपला पाठवलं आणि तिथे त्याने विमानांच्या इंजिनांवर काम केलं.

परत आल्यावर त्याने आधी लिबर्टी आणि मग हप या मोटार कंपन्यांमध्ये नोकरी केली. या तिन्ही कंपन्या आज अस्तित्वात नाहीत. त्या काळात डेट्रॉइटमध्ये डझनांनी मोटार कंपन्या निघायच्या आणि डझनांनी बुडायच्या. १९२९ नंतरच्या महामंदीत तर भल्याभल्यांचं कंबरडं मोडलं.

१९३४ मध्ये मॅकफर्सन जनरल मोटर्समध्ये आला आणि थोड्याच काळात तिच्या शेवरोले विभागात डिझाइनच्या मोठ्या पदावर पोहोचला.

नेमक्या त्याच वर्षी अमेरिकन गाड्यांची पुढची चाकं बदलत होती.

तोपर्यंत बहुतेक गाड्यांना पुढे एक सलग लोखंडी एक्सल असायचा. डावं चाक खड्ड्यात गेलं की उजवंही तिरकं व्हायचं. स्टिअरिंगला हिसका बसायचा आणि वेग वाढवला की पुढची चाकं थरथरायला लागायची. १९३४ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने दोन्ही चाकं सुटी केली. प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होणार, म्हणजेच इंडिपेंडंट सस्पेन्शन.

शेवरोलेने यासाठी जी पद्धत घेतली तिला नी-अॅक्शन म्हणायचे. स्प्रिंग आणि शॉकअप तेलाने भरलेल्या एका बंद डब्यात असायचे. गाडी मऊ चालायची, पण तो डबा गळायला लागायचा. तेलाची पातळी बघा, तेल भरा, पुन्हा गळलं की पुन्हा गॅरेज. १९३९ मध्ये शेवरोलेने ही पद्धत सोडली आणि वर एक आर्म, खाली एक आर्म अशी रचना घेतली. यालाच विशबोन म्हणतात.

विशबोन भरवशाचं होतं, पण त्याचंही एक दुखणं होतं. सर्व्हिसिंग.

चाक ज्या उभ्या पिनवर वळतं ती किंगपिन. तिला वर बुश, खाली बुश. वरच्या आर्मला बुश, खालच्या आर्मला बुश. यातल्या जवळपास प्रत्येक सांध्याला ग्रीसचा निपल. त्या काळच्या अमेरिकन गाड्यांना साधारण दर हजार मैलांनी ग्रीस गन लावावी लागायची. मालकाने आळस केला की किंगपिन झिजायची, चाक डुगडुगायचं, गाडी एका बाजूला ओढायची आणि टायर एकाच कडेने घासला जायचा. मग जुनी पिन ठोकून काढा, नवे बुश दाबून बसवा, ते मापात रीम करा आणि पुन्हा अलाइनमेंट करा.

आजही १९४० च्या दशकातली अमेरिकन गाडी सांभाळणाऱ्याला हेच करावं लागतं. गाडी उचलायची, चाक वरून आणि खालून धरून हलवायचं. प्ले जाणवला तर किंगपिन गेली की बेअरिंग सैल झालं, हे शोधत बसायचं.

सांधे जास्त म्हणजे पार्ट जास्त. पार्ट जास्त म्हणजे वजन आणि खर्च जास्त. मोठ्या, महागड्या गाडीत हे खपून जायचं, पण गाडीच स्वस्त बनवायची असेल तर?

हाच प्रश्न १९४५ मध्ये मॅकफर्सनच्या टेबलावर आला.

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. १९४२ पासून अमेरिकेत सामान्य लोकांसाठी गाड्या बनवणं बंद होतं. युद्ध संपल्यावर मंदी येईल, लोकांच्या खिशात पैसे नसतील आणि त्यांना स्वस्त गाडी लागेल, असा जनरल मोटर्सचा अंदाज होता. म्हणून शेवरोलेने छोट्या गाडीचा प्रकल्प काढला आणि त्याची सूत्रं मॅकफर्सनकडे दिली. गाडीचं नाव होतं कॅडेट.

अट कडक होती. चार माणसं नीट बसली पाहिजेत आणि किंमत हजार डॉलरच्या आत हवी. वजनाचं उद्दिष्ट होतं साधारण १,००० किलो. नेहमीची शेवरोले तेव्हा १,४०० किलोच्या आसपास होती.

मॅकफर्सनने इतर गाडी लहान केली, पण ती चालायला मोठ्या गाडीसारखीच हवी, हा हट्ट सोडला नाही. त्याने चारही चाकं इंडिपेंडंट ठेवली. बहुतेक महागड्या अमेरिकन गाड्यांनाही तेव्हा हे मिळत नव्हतं. जागा वाचावी म्हणून चाकं १२ इंची घेतली. नेहमीच्या शेवरोलेला १६ इंची असायची.

आणि पैसे वाचवण्यासाठी त्याने वरचा आर्म काढूनच टाकला.

त्याने शॉकअपची नळी जाड आणि भक्कम केली. तिचं खालचं टोक चाकाच्या हबला पक्कं जोडलं. वरचं टोक थेट बॉडीत, मडगार्डच्या आतल्या बाजूला बसवलं. आता हाच शॉकअप चाकाला उभं धरणार, झटके खाणार आणि स्टिअरिंग फिरवलं की चाकासोबत स्वतःही फिरणार. त्यामुळे वेगळ्या किंगपिनची गरज संपली. पुढे हा आराखडा सुधारत गेला तशी स्प्रिंगही शॉकअपभोवतीच गुंडाळली गेली. खाली उरला फक्त एक आर्म.

ही कल्पना आकाशातून पडलेली नव्हती. विमानाच्या चाकांना असे स्ट्रट असायचे आणि फियाटच्या ग्वीदो फोर्नाका या इंजिनिअरने १९२० च्या दशकात मिळतंजुळतं पेटंट घेतलेलं होतं. पण स्वस्तात, हजारोंच्या संख्येने बनवता येईल आणि रोजच्या गाडीत टिकेल असं रूप तिला मॅकफर्सनने दिलं.

कॅडेटचे नमुने तयार झाले, रस्त्यावर धावले. मार्च १९४७ मध्ये पेटंटचा अर्जही दाखल झाला.

आणि दोनच महिन्यांत, मे १९४७ मध्ये, जनरल मोटर्सने कॅडेट रद्द केली.

कारण कंपनीचा अंदाज उलटा पडला होता. मंदी आलीच नाही. युद्धात पैसे साठवून बसलेले लोक गाड्यांसाठी रांगा लावत होते आणि जी मिळेल ती मोठी गाडी घेत होते. पोलाद अपुरं होतं. त्यात कॅडेट हजार डॉलरच्या आत बसवणं अवघड होऊन बसलं होतं. असलेलं पोलाद मोठ्या गाडीत घातलं तर नफा जास्त. हिशोब करणाऱ्यांच्या दृष्टीने निर्णय सरळ होता.

मॅकफर्सनची मात्र दोन वर्षांची मेहनत कपाटात गेली. तेव्हा त्याचं वय होतं ५५ च्या पुढे. या वयात माणूस पेन्शनचा विचार करतो. मॅकफर्सनने त्याच वर्षी नोकरी बदलली आणि थेट कट्टर प्रतिस्पर्ध्याच्या घरात गेला, फोर्डमध्ये.

फोर्डलाही अशा माणसाची गरज होती. एप्रिल १९४७ मध्ये म्हातारे हेन्री फोर्ड वारले. त्यांच्या हट्टापायी १९४८ च्या फोर्डलाही पुढे सलग एक्सल आणि आडव्या पाट्यांची स्प्रिंग होती. ही पद्धत १९०८ च्या मॉडेल टी पासून चालत आलेली. नातू हेन्री फोर्ड दुसरा कंपनी नव्याने उभी करत होता आणि त्यासाठी बाहेरून माणसं आणत होता.

गंमत म्हणजे फोर्डनेही अमेरिकेसाठी एक छोटी गाडी आखून मग बाजूला ठेवली होती. तिचा आराखडा फ्रान्समधल्या फोर्डकडे गेला आणि १९४८ च्या पॅरिस प्रदर्शनात व्हेदेत नावाने गाडी समोर आली. मॅकफर्सन स्ट्रट घेऊन बाजारात आलेली ही पहिली गाडी असं अनेकदा सांगितलं जातं, पण ते बरोबर नाही. १९५० मध्ये इंग्लंडच्या फोर्डने कॉन्सल आणि झेफर दाखवल्या. त्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट होता आणि त्या भरपूर विकल्या गेल्या.

१९५३ साली तर वेगळंच घडलं. जानेवारीत जनरल मोटर्सच्या काळातलं पेटंट मंजूर झालं आणि नोव्हेंबरमध्ये फोर्डसाठी केलेलं. एकाच माणसाच्या शोधाची दोन पेटंट एकाच वर्षी एकमेकांशी झुंजणाऱ्या दोन कंपन्यांच्या नावावर लागली.

मग अमेरिकेतल्या फोर्डने हा स्ट्रट का घेतला नाही?

स्ट्रटला वर पकडायला मजबूत बॉडी लागते. अमेरिकन गाड्यांची ताकद खालच्या चॅसीत असायची, बॉडी तिच्यावर बोल्टने बसवलेली. शिवाय स्ट्रट उंच असतो आणि तिकडे बॉनेट दरवर्षी खाली आणायची फॅशन होती. आपल्याच देशातल्या गाड्यांना आपलाच शोध बसत नाही, अशी मॅकफर्सनची अवस्था होती.

म्हणून मोठ्या गाड्यांसाठी त्याच्या काळात वेगळा मार्ग निघाला. १९५२ च्या लिंकनमध्ये वर-खाली दोन्ही आर्म राहिले, पण किंगपिन गेली. तिच्या जागी आले बॉल जॉइंट. वाटीत बसवलेला गोळा चाकाला वर-खालीही होऊ देतो आणि वळूही देतो. सांधे कमी झाले, झिजणाऱ्या जागा कमी झाल्या, स्टिअरिंग हलकं झालं.

त्याच वर्षी मेक्सिकोत कारेरा पानामेरिकाना ही ३,००० किलोमीटरहून लांब शर्यत झाली. आपल्या गटात पहिले चारही नंबर लिंकनने मारले. १९५३ मध्ये पुन्हा तेच केलं. इंजिनात दम होताच, पण घाटवळणांवर एवढी जड गाडी ताब्यात राहिली त्यात पुढच्या सस्पेन्शनचाही वाटा होता. १९५४ च्या मॉडेलपासून साध्या फोर्डलाही बॉल जॉइंट मिळाले आणि पुढे इतर अमेरिकन कंपन्याही त्याच वाटेने गेल्या.

म्हणून आज १९५० च्या दशकातल्या अमेरिकन गाडीखाली शिरताना आधी बघतात की ही किंगपिनची आहे की बॉल जॉइंटची. बॉल जॉइंटची असेल आणि स्प्रिंग खालच्या आर्मवर बसत असेल, तर जॅक त्या आर्मखाली लावायचा. तरच खालच्या जॉइंटवरचा स्प्रिंगचा दाब सुटतो आणि खरा प्ले कळतो. चॅसीखाली जॅक लावला तर स्प्रिंग जॉइंटला घट्ट दाबून धरते आणि गेलेला पार्टही धडधाकट वाटतो.

मॅकफर्सन १९५२ मध्ये फोर्डच्या इंजिनिअरिंगचा व्हाइस प्रेसिडेंट झाला आणि १९५८ मध्ये निवृत्त झाला. पुढच्याच वर्षी, १९५९ च्या शेवटी, शेवरोले, फोर्ड आणि क्रायस्लर तिघांनीही अमेरिकेत छोट्या गाड्या आणल्या. कॅडेट रद्द होऊन १२ वर्षं झाली होती. त्यातल्या एकीलाही मॅकफर्सन स्ट्रट नव्हता. १९६० मध्ये मॅकफर्सन वारला.

खरा जमाना त्याच्यानंतर आला. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले. गाड्या लहान झाल्या, इंजिन आडवं बसायला लागलं, ताकद पुढच्या चाकांना मिळायला लागली. इंजिन आणि गिअरबॉक्स शेजारी शेजारी बसवायचे तर वरच्या आर्मला जागाच उरत नव्हती. स्ट्रट तिथे फिट्ट बसला. १९७९ मध्ये सायटेशन ही छोटी गाडी आली आणि तिच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट होते. ती बनवणारी कंपनी होती शेवरोले. कॅडेट गुंडाळल्याला ३२ वर्षं झाली होती.

आणि १९८३ मध्ये हा स्ट्रट आपल्या दारात आला, मारुती ८०० मधून. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीला पुढे विशबोन होतं. मारुतीने मॅकफर्सन स्ट्रट आणला आणि आज आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे तोच असतो.

त्यालाही मर्यादा आहेत. खड्ड्याचा दणका थेट बॉडीत जातो. वरचं माउंटिंग झिजलं की स्टिअरिंग वळवताना टकटक होते. स्ट्रट बदलताना स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबून धरावी लागते. ती सुटली तर जीवघेणी ठरू शकते, त्यामुळे हे काम घरी करायचं नसतं. आणि काम झालं की अलाइनमेंट करायचीच, नाहीतर नवे टायरही कडेने घासतात.

पुढच्या वेळी बॉनेट उघडलंत की डाव्या-उजव्या बाजूला मडगार्डजवळ बघा. बहुतेक छोट्या गाड्यांत तिथे बोल्ट लावलेले दोन गोल उंचवटे दिसतील. स्ट्रटचं वरचं टोक तिथेच बसलेलं असतं, रद्द झालेल्या कॅडेटसाठी मॅकफर्सनने आखलं होतं तसंच.