आधी अभ्यास, मग धरण

सरदार सरोवरात महाराष्ट्रातले पहिले बुडाले ते मणिबेली. १९९३ च्या पावसाळ्यात आदिवासींची घरे पाण्यात गेली. बुडणाऱ्या माणसांचा पुरता अभ्यासच झालेला नाही, असे जागतिक बँकेच्या मोर्स समितीने १९९२ मध्येच नोंदवले होते. धरणवाले बाबासाहेबांचे नाव हमखास घेतात. त्यांची अभ्यासाची शिस्त मात्र घेत नाहीत!

बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनला शिकत असताना, १९१७ मध्ये ती संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. पैसे जमवून १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. १९२२ मध्ये बॅरिस्टर, १९२३ मध्ये डी.एस्सी. ही विद्या त्यांनी कपाटात ठेवली नाही. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात कामगार बायांच्या बाळंतपणाच्या रजेसाठी ते उभे राहिले. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेत त्यांनी पूर, सिंचन आणि वीज यांचा एकत्र विचार केला. त्याच काळात, १९४५ मध्ये, पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले.